लोटन आचाऱ्याचं इंजेक्शन

अमळनेर तालुक्यात लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी मंगल कार्यालय बघायचा आणि लगेच लोटन आचाऱ्याकडे यायचा. लोटनला ती तारीख मोकळी नसेल तर दुसरा मुहूर्त काढणारीही माणसं होती. वरण-बट्टी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, थंडीत वांग्याचं भरीत. पातेल्यातलं वरण तो चाखायचा नाही. झाकण बाजूला करून नाक पुढे न्यायचा आणि म्हणायचा, "मीठ टाका रे अजून मूठभर." ते बरोबर निघायचं.

कमलबाई त्याची बायको. ती मांडे करायची. चुलीवर उलटं ठेवलेलं मातीचं खापर, कोपरापर्यंत पसरलेली पुरणाची पोळी, आणि ती खापरावर टाकताना कमलबाईच्या हातांची होणारी ती एक लयदार हालचाल. पाहुण्या बायका जेवणं सोडून ते बघायला यायच्या. लोटन भट्टीवर आणि कमलबाई खापरावर, असं दोघांनी मिळून खानदेशातली कितीतरी लग्नं जेवू घातली.

लोटन उंच, रुंद छातीचा. तेलाचा भरलेला डबा एका हातानं उचलायचा. पण घरी त्याचे तेच हात फार हलके व्हायचे. काम आटोपून तो धुराच्या वासासकट घरी यायचा, मोरीत हातपाय धुवायचा आणि ओल्या बोटांनी कमलबाईच्या मानेला मागून हात लावायचा. ती दचकायची, रागवायची. तो म्हणायचा, "कमळ." चारचौघांत ती पुनमची माय होती. कमळ फक्त चार भिंतींच्या आत होती. पुनम लग्न होऊन धुळ्याला गेली, लोटनचे केस पांढरे झाले, कमलबाईची पाळी गेली, तरी ही हाक गेली नव्हती. हाकेबरोबरचं बाकीचंही गेलं नव्हतं. शेजारची भागाबाई एकदा हसत म्हणाली होती, "अक्का, तुमनं काही वय होत नही वं." कमलबाईनं पदर तोंडावर घेतला होता, पण मनातून तिला बरंच वाटलं होतं.

आधी लोटनला लघवीला त्रास व्हायला लागला. वयोमान म्हणून त्यानं ते अंगावर काढलं. मग कंबर दुखायला लागली. इतकी वर्षं भट्टीपाशी वाकून काढली, दुखणारच, असं सगळेच म्हणाले. एका लग्नात पातेलं उतरवताना तो मटकन खाली बसला आणि त्याला उठता येईना. तेव्हा जावई ललित धुळ्याहून आला आणि त्याला जळगावला घेऊन गेला. रक्त तपासलं, तुकडा काढून तपासला, हाडांचा स्कॅन झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मणक्यात आणि कमरेच्या हाडात पोचलेला.

डॉक्टर रोहिणी वयानं पुनमएवढ्याच होत्या. त्यांनी ललितला बाजूला घेऊन सांगितलं नाही. लोटन आणि कमलबाईला समोर बसवलं आणि कागदावर पेनानं एक मोठा गोल काढला.

"ही तुमची कॅन्सरची पेशी, नाना. हिच्या आत एक वस्तू असते, तिला आम्ही रिसेप्टर म्हणतो. पुरुषाच्या शरीरात एक हार्मोन तयार होतं, ज्यानं दाढीमिशा येतात, ताकद येते, आवाज फुटतो. ते रक्तातून फिरत इथं येतं आणि या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. चिकटलं की पेशीच्या मधल्या भागाला निरोप जातो, वाढ. एकीच्या दोन हो. चांगल्या पेशीला तो निरोप किती ऐकायचा ते कळतं. ही बिघडलेली पेशी थांबतच नाही."

"मंग आता?" लोटननं विचारलं.

"आपण हार्मोनच बंद करू. निरोप आणणाराच नसला तर रिसेप्टर काय ऐकणार? आधी गोळ्या, मग इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी. आजार मुळासकट जाणार नाही, ते मी खोटं सांगणार नाही. पण झोपून राहील. बरीच वर्षं झोपू शकतो."

कमलबाईनं त्या गोलाकडे बघितलं. तिला तो खापरासारखा दिसला. तिनं एवढंच विचारलं, "दुखणं थांबेल का?" डॉक्टर म्हणाल्या, थांबेल. कमलबाईला बाकी काही नको होतं.

गोळ्या झाल्या. इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि कमलबाई खालच्या मेडिकलमध्ये ते आणायला गेली. बर्फाच्या पिशवीत गुंडाळून देतात, वेळ लागतो. तेवढ्यात डॉक्टर लोटनला म्हणाल्या, "नाना, एक गोष्ट राहिली. याच हार्मोनमुळे पुरुषाला बायकोची इच्छा होते. इंजेक्शननंतर ती कमी होईल. बहुतेकांची जातेच. घाम येईल, अंगातून गरम वाफा येतील, उगाच रडू येईल. हे सगळं इंजेक्शनचं आहे, तुमचं नाही. घरी मोकळेपणानं सांगा. नाहीतर त्यांना वाटेल..."

दार उघडून कमलबाई आत आली. हातात गार पिशवी होती.

"समजलं, समजलं," लोटन घाईनं म्हणाला.

डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं. "काही विचारायचंय का दोघांना?"

"नही," लोटन म्हणाला. बाहेर पेशंटची रांग होती. नर्सनं इंजेक्शन दिलं आणि दोघं अमळनेरच्या गाडीला लागले.

औषध लागू पडलं. कंबर मोकळी झाली, लोटन चालायला लागला, काठी कोपऱ्यात गेली. रक्ततपासणीतला कॅन्सरचा आकडा इतका उतरला की ललितनं धुळ्याला पेढे वाटले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नाना, तुम्ही वाचलात. कमलबाई चहा द्यायची आणि मान हलवायची. तिलाही तेच वाटत होतं, पहिले काही महिने.

मग तिच्या लक्षात यायला लागलं. लोटन घरी आला की मोरीत हातपाय धुवायचा आणि सरळ पुढच्या खोलीत जायचा. त्यानं आपली खाट तिकडे नेली होती. गरम होतं, पंखा तिकडचा बरा, म्हणाला. गरम त्याला होत होतंच. बसल्या बसल्या त्याचा चेहरा लाल व्हायचा, मानेवरून घाम ओघळायचा, दोन मिनिटांनी तो थंडीनं शहारायचा. भट्टीपुढे तर त्याला उभंच राहवेना. पितांबर हा त्याचा जुना मदतनीस. आता पितांबर भट्टीवर आणि लोटन लांब झाडाखाली खुर्चीवर. दंड उतरले, पोट सुटलं, गाल मऊ झाले. टीव्हीवर कुणाच्याही मुलीची पाठवणी लागली की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कमलबाईनं चाळीस वर्षांत त्याला दोनदा रडताना बघितलं होतं.

हे सगळं तिनं आजारपणात धरलं. पण तो तिला हात लावेनासा झाला, ते तिला कशात धरावं कळेना. हाक तर बंदच झाली होती. "ऐकी राह्यनी का?" एवढंच उरलं होतं.

ती स्वतःला समजवायची. माणूस जिवंत आहे, समोर बसून जेवतो आहे, आणखी काय हवं या वयात? पण दुपारी भांडी घासताना तिचं अंग मागे वाट बघायचं. मानेवर गार बोटं येतील म्हणून. ती येत नसत आणि तिला स्वतःचीच लाज वाटायची. हे कुणाला सांगायचं? पुनमला? बहिणीला? हसतील. म्हातारपणी हिला काय सुचतंय, म्हणतील.

एका संध्याकाळी तिनं हिरवं लुगडं नेसलं, जे त्याला आवडायचं. तेल कोमट केलं आणि त्याच्या पायाला लावायला बसली. पोटऱ्यांना लावलं, गुडघ्यांना लावलं. तिचा हात जरा वर गेला तसा लोटननं पाय ओढून घेतला. एकदम, विस्तवाला लागल्यासारखा.

"राहू दे," तो म्हणाला.

"काय व्हयनं? दुखस का?"

"नही. राहू दे म्हनस ना."

ती तेलाची वाटी घेऊन उठली. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. हात तेलकट होते म्हणून डोळेही पुसता येईनात.

त्यात भागाबाई एक दिवस बोलून गेली. तिचा हेतू वाईट नव्हता, जीभ सैल होती. "अक्का, म्हणतात की माणसाचा हा आजार बाईकडूनच येतो. बाईच्या अंगातली उष्णता. म्हणून नाना लांब झोपतात वाटतं."

ते वाक्य कमलबाईत रुतून बसलं. म्हणजे त्याला तसं वाटतंय. आपल्यामुळे झालं असं वाटतंय, म्हणून पाय ओढून घेतला. ती मागचं सगळं आठवायला लागली आणि जे जे गोड होतं त्या सगळ्याची तिला भीती वाटायला लागली.

चैत्रात पुनमचं दुसरं बाळंतपण आलं. पुनमचं सासर धुळ्यात देवपूरला. सासू नव्हती, म्हणून कमलबाईनं तिकडेच जायचं ठरलं. निघताना तिनं लोटनला डाळ-तांदळाचे डबे दाखवले, गोळ्या कुठे ठेवल्यात ते दाखवलं. तो हो हो म्हणाला. रिक्षा आली तेव्हा तो दारापर्यंत आला, पिशवी आत ठेवली आणि मागे सरकला. रिक्षा वळेपर्यंत ती मागे बघत होती. तो तिथंच उभा होता, पण हात काही हलला नाही.

धुळ्यात मुलगा झाला. शेक-शेगडी, बाळाची आंघोळ, पुनमचं खाणंपिणं, मोठ्या नातीची शाळा, कमलबाईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरी दिवस उतरला की तिची नजर फोनकडे जायची. लोटनचा फोन यायचा.

"नळले पाणी उनं आज," तो सांगायचा. "दोन दिवसआड येस."

"जेवनात का?"

"जेवनू. पितांबरनी डबा दिना."

"गोळ्या?"

"लिन्यात."

मग फोनमधून अमळनेरच्या घरातल्या पंख्याची घरघर ऐकू यायची. कमलबाई ती ऐकत राहायची. तिला फार वाटायचं की त्यानं एकदा तरी ती हाक मारावी. फोनवर कुणी ऐकत नाही. तो म्हणायचा, "ठेवू का?" आणि ठेवायचा.

अमळनेरला लोटनचं काय चाललं होतं ते तिला माहीत नव्हतं. लग्नसराई होती, पण तो कामावर जात नव्हता. सकाळी उठून तो तिच्या खोलीत जाऊन बसायचा. दोरीवर तिचं जुनं पातळ होतं, ते घडी करायचा, पुन्हा दोरीवर टाकायचा. त्याला एका गोष्टीचं नवल वाटत होतं. अंगातून सगळं गेलं होतं, डॉक्टरनं सांगितलं तसंच. बाईच्या शरीराचा विचार केला तर काही हलत नव्हतं, वाळलेल्या विहिरीत वाकून बघितल्यासारखं. ती विहीर पुन्हा भरावी असं त्याला वाटायचं. इच्छेचीच इच्छा व्हायची, आणि ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं. पण कमलबाई घरात नाही म्हणून छातीत जे ओढत होतं, ते होतंच. ते कमी झालेलं नव्हतं. उलट वाढलं होतं. डॉक्टरनं बंद केलेल्या गोष्टींत हे नव्हतं का?

एक दिवस सकाळी त्यानं कुलूप लावलं आणि स्टँडवर जाऊन धुळ्याची गाडी पकडली. ऊन तापलेलं होतं, गाडी भरलेली होती. अर्ध्या वाटेत त्याच्या अंगातून वाफ उठली. डोळ्यांपुढे अंधारी आली. एका फाट्यावर तो उतरला, रसवंतीवाल्याकडून पाणी मागून डोक्यावर ओतलं आणि लिंबाखाली बसून राहिला. पुढची गाडी आली तेव्हा ओल्या शर्टानंच चढला.

पुनमच्या दारात तो असा उभा राहिला, केस विस्कटलेले, हात रिकामे. कमलबाई बाळाचे लंगोट वाळत घालत होती.

"अहो! आधी सांगाले नही का? आणि बाळले देखाले असा रिकामा हातनी उनात?"

"मी बाळले देखाले नही उनू," लोटन म्हणाला.

पुनम आतून बघत होती. ती शहाणी मुलगी. तिनं बापाला पाणी दिलं, जेवू घातलं, झोपू दिलं आणि उन्हं कलल्यावर म्हणाली, "माय, आबांना जरा एकवीरेच्या देवळाला घेऊन जा. मी आहे बाळाजवळ."

देवळात दर्शन झालं आणि दोघं पांझरेच्या काठाला येऊन बसले. नदीत पाणी थोडंच होतं. पलीकडे पोरं क्रिकेट खेळत होती. लोटन बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

"माले सांगा," कमलबाई म्हणाली. "तुमले असं वाटस ना, मन्हामुये व्हयनं?"

"काय?"

"हाऊ आजार. बाईनी उष्णतामुये व्हस म्हने. म्हनीसन तुम्ही माले हात लावत नहीत."

लोटननं तिच्याकडे असं बघितलं की तिला कळलं, त्याच्या डोक्यात हे कधी आलंही नव्हतं.

"कोनी सांगं तुले हे?"

"कोनी का सांगेना. मंग काबर?"

त्यानं मान खाली घातली. तोडक्या वाक्यांत त्यानं सांगितलं. ती मेडिकलमध्ये गेली होती तेव्हा डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या. ते हार्मोन बंद झालं की पुरुषाची इच्छा जाते. त्याची गेली. एक दिवस कमी झाली असं नाही, हळूहळू गेली आणि एक दिवस बघितलं तर काहीच नव्हतं.

"तू तेल लावाले बठनी," तो म्हणाला, "तव्हय माले भीती वाटनी. तुले कळी जाई का याना आंगमा आते काही नही शे. म्हनीसन पाय वढी लिना."

कमलबाई ऐकत होती. आधी तिच्या अंगावरून मोठं ओझं उतरलं. आणि पाठोपाठ राग आला.

"आणि हे तुम्ही माले आज सांगतस?" ती म्हणाली. "मी किती रडनू ते तुमले माहीत शे का? माले वाटनं माले टाकी दिनं. नुसतं तोंड उघाडतात तं काय व्हतं?"

"लाज वाटनी वं."

"मन्ही? चाळीस वरीस नंतर?"

लोटनच्या डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी तिनं ते इंजेक्शनचं समजलं नाही.

डोळे पुसून तो म्हणाला, "पुढलं इंजेक्शन मी लेणार नही. तारीख होई गयी, मी गऊच नही जळगावले. बंद करं का सगळं परत येस म्हनतस. दोन वरीस कमी जगसू. पन मानूस म्हनीसन जगसू. तुन्हासंगे."

कमलबाई गप्प झाली.

त्या गप्प राहण्यात काय होतं ते तिनं नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. तिला हवं होतं. त्याचे ते हात, ती हाक, मानेवरचा तो गार स्पर्श आणि त्यापुढचं सगळं. तिनं एक क्षण अगदी खरोखर ते समोर ठेवून बघितलं: तो उंच, रुंद, धुराच्या वासाचा माणूस परत आलेला. आणि मग त्यामागून येणारं दुसरंही तिला दिसलं, पातेल्याजवळ मटकन खाली बसलेला, उठता न येणारा, तिच्या खांद्याला धरून कण्हणारा. नदीपलीकडे कुणीतरी आउट झालं आणि पोरांचा ओरडा उठला.

"नही," ती म्हणाली. "इंजेक्शन लेवानं."

"कमळ..."

कितीतरी महिन्यांनी आलेली ती हाक. पण ती मागे हटली नाही.

"माले ते जोयजे व्हतं," ती म्हणाली. "खोटं नही सांगस. आजबी जोयजे. पन त्यानाकरता तुमले सोडू का? सकाय पहिली गाडी लई जळगावले जाऊ. आणि आते मी आतमा बठसू. माले बाहेर धाडानं नही."

पुनमनं दुसऱ्या दिवसापुरती नणंदेला बोलावून घेतलं आणि दोघं जळगावला गेले. रक्तातला आकडा किंचित वर सरकला होता. डॉक्टर रोहिणी आधी रागावल्या. मग कमलबाईनं सगळं सांगितलं, अगदी भागाबाईच्या वाक्यासकट, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा आजार बायकोकडून येत नाही. तुमच्याकडून काहीही गेलेलं नाही, ही गोष्ट कायमची डोक्यातून काढा. आणि माझंही चुकलं. मी त्या दिवशी तुम्हाला बसवून घेऊन परत सांगायला हवं होतं."

"मधी थोडे दिवस थांबवता येत नाही का?" कमलबाईनं विचारलं. "इंजेक्शन?"

लोटननं चमकून तिच्याकडे बघितलं.

"काही पेशंटमध्ये थांबवतो," डॉक्टर म्हणाल्या. "नानांचा हाडात गेलाय. त्यांना मी ते सुचवणार नाही. थांबवलं तरी सगळं पहिल्यासारखं परत येईल, याची खात्री नाही. वाफांसाठी गोळी देते, त्यानं बरं वाटेल. आणि रोज चालायचं, थोडं वजन उचलायचं, म्हणजे अंगात ताकद राहील. बाकी, जवळ बसायला, हात धरायला हार्मोन लागत नाही."

कमलबाईनं मान हलवली. पण परतीच्या गाडीत ती विचार करत राहिली, की डॉक्टरबाई चांगल्या आहेत, पण तरुण आहेत. हात धरणं आणि ते, यात किती अंतर असतं ते त्यांना अजून कळायचं आहे.

बाळंतपण आटोपून ती अमळनेरला आली त्या दिवशी तिनं पितांबरला बोलावलं आणि लोटनची खाट पुन्हा आतल्या खोलीत आणायला लावली. लोटन म्हणाला, "माले गरम व्हई." ती म्हणाली, "व्हऊ द्या. मी पंखा धरसू."

पहिल्यांदा दोघांनाही अवघड गेलं. तो हात धरायचा तो धरायचा म्हणून धरायचा, हे तिला समजायचं. शाळेत सांगितलेलं काम केल्यासारखा. ती हसायची. कधी कधी हसता हसता तिला रडू यायचं, आणि तोही रडायला लागायचा, मग दोघं एकमेकांना रागवायचे. हळूहळू तो धरणं विसरायला लागला आणि हात तिथं राहायला लागला. सकाळी दोघं बोरी नदीच्या बाजूला फिरायला जायचे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यानं तांदळाची छोटी पोती उचलायला सुरुवात केली. एका लग्नात तो खुर्चीवरून उठून पुन्हा भट्टीपर्यंत गेला, झाकण काढलं, वास घेतला आणि लाल चेहऱ्यानं परत येऊन बसला. कमलबाईनं खापर सोडून त्याला पदरानं वारा घातला. सगळ्या मांडवादेखत. लोक बघत होते, तर बघोत.

पुढच्या वर्षी आकडा वाढला. इंजेक्शन वेळेवर चालू असताना वाढला.

"असं कसं?" कमलबाईनं विचारलं. आता ती पुढच्या खुर्चीवर बसत असे. "निरोप आणणारं तर तुम्ही बंद केलंय ना?"

डॉक्टरांनी पुन्हा कागद घेतला. "बंदच आहे. पण ती पेशी उपाशी राहून राहून बदलते. निरोप येत नाही म्हणून ती जास्त रिसेप्टर तयार करते. मग रक्तात नावाला जरी काही उरलेलं असलं, तरी ते तिला ऐकू येतं. काही वेळा तर रिसेप्टरचा आकारच बदलतो आणि कुणी काही न आणताच तो आतून सांगत राहतो, वाढ, वाढ. आता आपण सरळ त्या रिसेप्टरवरच बसणारी गोळी देऊ. नवी आहे, चांगली आहे. बघू किती दिवस धरते."

"हट्टी शे," लोटन म्हणाला.

"फार," डॉक्टर म्हणाल्या.

कमलबाई त्या कागदाकडे बघत राहिली. त्या पेशीचा तिला राग यायला हवा होता. यायचाही. पण त्या क्षणी तिला वाटलं, काही येत नसताना कान देऊन बसणं म्हणजे काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. डॉक्टरांना गोळी कधी घ्यायची ते विचारलं, जेवणाआधी की नंतर.

ती गोळी आता चालू आहे. आकडा खाली आला आहे आणि तूर्त तिथंच आहे. लोटन थकतो लवकर. दुपारी जेवण झालं की तो आतल्या खोलीत आडवा होतो आणि कमलबाई भिंतीला टेकून लसूण सोलत बसते.

परवा अशीच बसली असताना ती एकदम म्हणाली, "माले आजबी वाटस बरं का."

लोटननं डोळे उघडले. काय वाटतं ते त्यानं विचारलं नाही. कुशीवर वळून म्हणाला, "मन्हामा नही ऱ्हायनं. पन तुन्हामा शे ना. तू सांग. मी ऐकस."

"काय सांगू?"

"काहीबी."

तिनं लसणाचं ताट बाजूला सारलं. दाराकडे बघितलं, बाहेर कुणी नव्हतं. मग खालच्या आवाजात तिनं सांगायला सुरुवात केली. साक्रीकडचं एक लग्न उरकून दोघं भांड्यांच्या ट्रकमधून परत येत होती, पुनम तेव्हा आजीकडे होती. ट्रक बंद पडला. ड्रायव्हर पायीच गावात मिस्तरी आणायला गेला आणि येईना. थंडी होती. मोठं पातेलं आडवं पडलेलं होतं आणि त्याच्या आडोशाला दोघं एका सतरंजीत शिरली होती.

"साक्री नही," लोटन म्हणाला. "पिंपळनेर. साक्रीना पुढे."

"साक्रीच."

"पिंपळनेर वं. माले याद शे. तुन्हा हातले हळदना वास व्हता. आणि त्या पातेलामा जरासं वरण उरेल व्हतं, ते तू मन्हा सदराले लावी दिनं."

कमलबाई हसली. तिचे गाल लाल झाले, साठीला टेकलेल्या बाईचे. ती सरकून खाटेजवळ गेली आणि डोकं त्याच्या खाटेच्या कडेला टेकवलं.

"मंग?" लोटननं विचारलं. "ड्रायव्हर उना तव्हय काय व्हयनं?"

"ऐका ना," ती म्हणाली, आणि पुढचं सांगायला लागली.